भात्याची बाजू

एलोडीने बापाचा डावा हात उचलून अकॉर्डियनच्या चामडी पट्ट्यात सरकवला. बोटे आत गेली, पण वळली नाहीत. तिने ती एकेक करून वळवली, वरून पट्टा आवळला आणि कुणी पाहिले तर नाही ना म्हणून मागे बघितले. चर्चच्या दालनात बायका भातावर गंबोचा दाट रस्सा वाढत होत्या. सगळ्यांचे लक्ष ताटांकडे होते.

"सैल नाही ना, पापा?"

"हात माझा आहे, पोरी. मला कळतं," ओनेझिम म्हणाला.

त्याला कळत नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. मार्चमध्ये त्याला अर्धांगाचा झटका आला होता. गावात मात्र घोड्यावरून पडल्याचे सांगितले होते, कारण घोड्यावरून पडण्यात त्यांच्याकडे कुणाची अब्रू जात नाही. या दालनातला रविवार दुपारचा नाच तीस वर्षे त्याच्याच अकॉर्डियनवर चालत आला होता. आज चार महिन्यांनी तो पुन्हा खुर्चीवर बसला होता. हाताने चारचौघांत दगा दिला तर हा माणूस उद्यापासून दार लावून घेईल आणि परत उघडणार नाही, याची एलोडीला खात्री होती.

तिने आपला फ्रोत्वार, तो वळ्यावळ्यांचा पत्रा, जाकिटासारखा खांद्यांवर अडकवला आणि दोन चमचे हातात घेतले. बावीस वर्षे ती बापाशेजारी उभी राहून हा पत्राच घासत आली होती. अकॉर्डियनला हात लावायची तिला बंदी होती. ते बापानंतर भावाचे. भाऊ ह्यूस्टनला गेला, त्याने कधी एक सूर काढला नाही, तरी ते भावाचेच राहिले. बाप घोडे फिरवायला बाहेर पडला की एलोडी कोठारात शिरायची आणि चोरून वाजवायची. मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे तिचे वर्षानुवर्षे चालले होते.

"काय रे ओनेझिम, घोड्यानं पार बूड शेकलं म्हणे तुझं," ढोल लावता लावता क्लोविस म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बरा घोडा. तो निदान तालात लाथ मारतो."

लोक हसले आणि पहिले गाणे सुरू झाले. पहिले कडवे नीट पार पडले. दुसऱ्यात भाता उघडला तो उघडाच राहिला. ओनेझिमची उजवी बोटे बटणांवर बरोबर पडत होती, पण भाता ओढणारा डावा हात पट्ट्यात लोंबत होता आणि सूर विरत चालला होता. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या क्लेओफाचे पाय थांबले. ती त्या हाताकडे बघू लागली.

एलोडीला विचार करायला सवड नव्हती. तिने चमचे टाकले, स्टूल ओढून बापाच्या डावीकडे बसली आणि त्याच्या बोटांवरून आपला हात पट्ट्यात घातला. या वाद्यात तेच बटण भाता ओढताना एक सूर देते आणि ढकलताना दुसरा. भाता चालवणाऱ्याला गाणे पुढे कुठे जाणार ते आधीच माहीत असावे लागते. तिला ते माहीत होते. लेक बापाला बिलगून वाजवतेय म्हणून कुणीतरी कौतुकाने शीळ घातली. पाय पुन्हा ठेक्यात पडू लागले.

तिसऱ्या ओळीच्या वळणावर बापाने बटण दाबले आणि तिने भाता ओढला. भलताच सूर मोठ्याने वाजला. क्लोविसने झांज आपटून तो झाकला, पण एलोडीचे कान तापले. बापाचे नुसते बघून शिकलेली असती तर तिने तिथे ढकलले असते. ओढायची खोड तिला कोठारात एकटीने वाजवताना लागली होती.

गाणे संपले. टाळ्या पडत होत्या आणि ओनेझिम समोर बघत होता.

"त्या वळणावर मी ढकलतो," तो हळू आवाजात म्हणाला.

"चुकले, पापा."

"चुकलीस कसली. तू तिथं ओढूनच घेतेस. कोठारात कायम तसंच ऐकलंय मी."

"पण तुम्ही तर घोडे घेऊन..."

"घोडे कोठारामागं कुंपणाला बांधलेले असायचे," तो म्हणाला.

तिला एकाच वेळी रडू आले आणि रागही आला. एवढी वर्षे ऐकून माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. ओनेझिमने उजवा अंगठा अकॉर्डियनच्या छोट्या पट्ट्यातून सोडवला आणि ते वाद्य गुडघ्याने तिच्याकडे सरकवले.

"एक चमचा दे. एका हाताला एक पुरे."

तिने पट्टा सैल करून त्याचा डावा हात सोडवला, पत्रा आपल्या अंगावरून काढून त्याच्या खांद्यांवर चढवला आणि खाली पडलेला एक चमचा त्याच्या उजव्या हातात दिला. पत्रा छातीशी नीट बसेपर्यंत दालनातले बोलणे हळूहळू थांबले. सगळे आता त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते, आणि त्याने तो लपवला नाही, तसाच मांडीवर राहू दिला.

"तेच गाणं परत," तो क्लोविसला म्हणाला आणि चमचा पत्र्यावर टेकवला.

एलोडीने भाता ओढला.