बुधाजीचे दोन नंबर

१९८४ च्या दिवाळीत बुधाजीचा पुतण्या पोपट मस्कतहून बुद्धिबळ खेळणारं यंत्र घेऊन कर्जतला आला. आपण मोहरा दाबून खेळायचं, ते कडेच्या लाल दिव्यांनी स्वतःची खेळी दाखवायचं. त्याला आठ लेव्हल होत्या. कुठली किती ताकदीची, हे मात्र माहितीपत्रकात नव्हतं.

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं," पोपट म्हणाला. "कुठली लेव्हल कोणाएवढी, तक्ता करा ना."

मी शाळेत ग्रंथपाल. लोक उगाच मास्तर म्हणत. चारचौघांत मला बोलणं जमत नसे. रोज संध्याकाळी बुधाजीच्या सायकल दुकानात मात्र जायचो. पंक्चर काढायच्या घमेल्याशेजारी वीस वर्षं आमचा पट मांडलेला. सोल्युशनचा वास आला की आजही मला तो पट दिसतो. तीन डावांतला एक मी जिंकायचो. आयुष्यात एवढी एक गोष्ट आपल्याला बऱ्यापैकी येते, असं मला वाटे. कोणाला सांगितलं नव्हतं.

महिनाभर आम्ही दोघं प्रत्येक लेव्हलशी पाच-पाच डाव खेळलो. पहिल्या दोन मी हरवल्या, तिसरीशी जेमतेम बरोबरी, चौथीने पाचही वेळा मात दिली. बुधाजीने पाचवीपर्यंत सगळ्या हरवल्या. सहावीशी तो बरोबरीत राहिला.

तक्ता लिहिताना हात थांबला. चौथीपुढे मी टिकत नाही, बुधाजीपुढे चौथी टिकत नाही. मग मी त्याला हरवतो कसा? पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. वीस वर्षं तो मला जिंकू देत होता.

चार दिवस मी गेलो नाही. पाचव्या दिवशी तक्ता त्याच्यापुढे ठेवला. "मी तिसरा, तुम्ही सहावे. मग मी जिंकतो कसा?"

ट्यूब घासता घासता बुधाजी हसला. "आयला, मास्तर! म्हंजे मी मुद्दाम हरतो?"

"होय."

"मशीन तीन नंबरावर मुद्दाम हरतंय काय?"

"नाही. खालच्या लेव्हलला त्याला विचाराला वेळ कमी मिळतो."

"मंग! मशीनसमोर मी गप बसतो. त्येच्याशी काय बोलनार? तुमी आलात की माजं तोंड सुरू. विचार कदी करू?"

मला पटलं नाही. "आज गप्प बसून खेळा," मी म्हणालो. असा हट्ट मी क्वचितच केला असेल.

बुधाजी गप्प बसला. गिऱ्हाईक आलं तर हातानेच थांबवलं. बाविसाव्या खेळीला मला मात. पुढच्या डावात त्याहून लवकर. ते दुकान इतकं मुकं मी कधी पाहिलं नव्हतं.

"झालं समाधान?" मोहरे लावत तो म्हणाला. "आता बोलू का? सोनुबाईच्या म्हशीचं ऐकलंत?"

ऐकलं नव्हतं. म्हैस फाटकातून थेट पोस्टात शिरली होती. ती बाहेर निघायच्या आतच बुधाजीचा वजीर माझ्या घोड्याच्या माऱ्यात आला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो म्हशीत रमला होता, की तसं दाखवत होता, हे मला अजून कळलेलं नाही. मी वजीर मारला.

"अरं द्येवा!" बुधाजी ओरडला.

दुसऱ्या दिवशी तक्ता पोपटला दिला. माझ्या नावापुढे तीन. बुधाजीच्या नावापुढे दोन आकडे: गप्प असताना सहा, बोलत असताना साडेतीन.