पायलचा बोन मॅरो

वेदिका आणि संतोष शेजारी बसले की देवळाली कॅम्पातले लोक म्हणायचे, "एकाच साच्यातून काढलेत." तेच रुंद कपाळ, तीच गालावरची खळी. मधली पायल मात्र उंच, सावळी, कुरळ्या केसांची. "हिला बाजारातून आणली," असं आत्या चिडवायची. सगळे हसायचे, पायलही हसायची.

धाकट्या संतोषच्या हाडांत रक्त तयार होईनासं झालं. नाशिकच्या डॉक्टर म्हणाल्या, "बहिणींपैकी कुणाचा बोन मॅरो जुळतो का बघू." वेदिकानं लगेच रजा टाकली. "माझाच जुळणार. त्यात बघायचं काय?"

तपासणीसाठी बाही वर करताना पायल मध्येच थांबली. आई, लंकाबाई, जवळ सरकली. "सुईला भ्यालीस?"

"नाही गं." पायल अडखळली. "आई, मी तुमचीच ना?"

लंकाबाईनं पायलचं डोकं छातीशी धरलं. "एवढी वर्षं हे मनात ठेवलंस? माझ्याच पोटची आहेस, बाई."

निकाल आला. वेदिकाचा मॅरो जुळला नव्हता. पायलचा पूर्ण जुळला होता.

"पण आमचा तर चेहरा एक आहे!" वेदिका रडवेली झाली.

डॉक्टर म्हणाल्या, "आईकडे प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते. बीज तयार होताना त्या जोडीतले तुकडे आपसात अदलाबदल करतात आणि प्रत्येक जोडीतून एकच गुणसूत्र बाळाकडे जातं. वडिलांचंही तसंच. कुठल्या जोडीतलं काय जाईल, ते दर खेपेला नव्यानं ठरतं. चेहरा घडवणारं बरंच काही तुम्हा दोघांत सारखं आलं. पण मॅरो जुळवणाऱ्या जोडीत पायलला आणि संतोषला सारखं मिळालं."

पायलनं आईचा हात घट्ट धरला.

पायलच्या कमरेच्या हाडातून मॅरो काढून संतोषला दिला. जंतू लागू नयेत म्हणून काही आठवडे तो काचेपलीकडे होता. मग हळूहळू त्याच्या अंगात नवं रक्त तयार होऊ लागलं. "याचा रक्तगटही आता पायलचाच होणार," डॉक्टरांनी सांगितलं.

"म्हणजे मलाही हिच्यासारखा राग येणार?" मास्कमागून संतोष म्हणाला. पायल हसता हसता कमरेवर हात ठेवून थांबली.

"अजून दुखतंय?" वेदिकानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती गरम पाण्याची पिशवी भरायला उठली.