संत पारास्केवीची रविवारची सुट्टी

दिवस मावळायला आला तशी पेत्रोवुनो गावाच्या घाटातल्या वळणावर गर्दी दाटली. तिथं रस्त्याच्या कडेला, छातीएवढ्या उंच खांबावर संत पारास्केवीची छोटीशी देवळी आहे. ही संत डोळ्यांची दुखणी बरी करते, म्हणून जो तो तिला डोळ्यांचा आकार ठोकून उठवलेली चकचकीत पत्र्याची पट्टी वाहतो. या हिवाळ्यात पट्ट्या इतक्या लटकल्या होत्या, की आतली तसबीर दिसेनाशी झाली होती. आणि संध्याकाळी, वरून उतरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे, त्या देवळीतून उजेडाचा पांढराशुभ्र लोळ उठायचा!

"पुण्यवंताला दर्शन, पाप्याला अंधत्व!" सोफ्रोनिओसबुवा गर्जत होता. काळा झगा, छातीवर रुळणारी दाढी, आणि मठ कुठला विचारलं तर आकाशाकडे बोट. त्याच्या बाटलीतलं तेल डोळ्यालाही चालायचं आणि गुडघ्यालाही.

गर्दीच्या मागे झिसिस उभा होता. धनगरवाड्यांवरचं दूध डेअरीत पोचवणारा हा माणूस. अख्ख्या गावात एकट्या त्यालाच दर्शन झालं नव्हतं. "श्रद्धा कमी पडते रे तुझी," बायका हळहळायच्या, आणि तो मान खाली घालायचा. आज त्याची दुधाने भरलेली गाडी वळणाखाली, कड्याआड उभी होती. ती पुढे न्यायला त्याचा हात धजत नव्हता.

अंधारून आलं. संत काही येईना.

"कुणीतरी पापी आहे इथं!" बुवाने बोट रोखलं ते खुर्चीवर बसवून आणलेल्या अनेस्तिसवर. याच वळणावर लोळाने डोळे दिपून अनेस्तिसची मोटारसायकल कड्यावर आदळली होती. पायाचा चेंदामेंदा झाला. आता पाय काळा पडत चालला होता आणि यानिना शहरातले डॉक्टर म्हणत होते, ताबडतोब ऑपरेशन करा. "हा डॉक्टरकडे जायचं मनात आणतोय. संतानं दिलेली शिक्षा चुकवायला बघतोय!"

"नाही हो बुवा, नाही जात!" अनेस्तिस रडू लागला. "आई तापाने फणफणली होती आणि मी तिला सोडून लग्नात नाचायला गेलो. माझं मलाच भोवलं. जाऊ दे पाय."

झिसिस गर्दीत आणखी मागे सरकला. रोज तो याच अनेस्तिसला लिंबू-अंड्याचं सूप नेऊन देत होता आणि गावाकडून शाबासकी घेत होता. तोंड मात्र उघडत नव्हता.

"बुवा, एक विचारू?" शाळेतल्या आर्गिरोबाई पुढे आल्या. "संत रविवारी कधीच कशी येत नाही?"

"रविवारी ती चर्चमध्ये असते."

"आणि मधे झिसिसची गाडी गॅरेजात होती, तेव्हा?"

"तेव्हा... उपास होता तिचा."

दोघं-तिघं फिसकन हसले. बाई हसल्या नाहीत. त्या मागे वळल्या. "झिसिस, रविवारी डेअरी बंद असते ना रे? आणि आज तुझी गाडी कुठं आहे?"

झिसिस वळणाखाली गेला, त्याने गाडी सुरू केली आणि अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा दिवा, लावून तो चढ चढू लागला. गाडी अजून लोकांना दिसतही नव्हती, तोच देवळीवरच्या साऱ्या पट्ट्या एकदम पेटल्यासारख्या झळाळल्या.

"आली! आली!" माणसं गुडघ्यांवर कोसळली.

झिसिसने डिप्पर केला. लोळ मंदावला, पण विझला नाही. मागे दुधाचं ओझं, त्यामुळे गाडीचं नाक वर आणि उजेडही वर. मग त्याने स्टिअरिंगजवळची छोटी चकती फिरवली. दिव्यांची तोंडं खाली करायला ती दिलेली असते, आणि गाडी घेतल्यापासून त्याने तिला हात लावला नव्हता. उजेड पट्ट्यांवरून घसरला आणि रस्त्यावर उतरला. संत गेली. त्याने पुन्हा अप्पर लावला. संत आली.

"संतच त्या गाडीतून काम करते!" बुवा किंचाळला.

"मग तेल गाडीलाच चोळा," आर्गिरोबाई म्हणाल्या.

आता सगळेच हसले. झिसिस खाली उतरून अनेस्तिससमोर आला, तसं हसू थांबलं.

"त्या संध्याकाळी मी अप्परवर होतो, अनेस्तिस. लांबवर दिसतं म्हणून रोजच असायचो. वळणावर तू डोळ्यांवर हात घेतलास, ते मी पाहिलं. हा लोळ माझ्याच दिव्यांचा, हे मला त्याच दिवशी समजलं होतं."

"म्हणजे आईमुळे नाही?"

"आईमुळे नाही, संतामुळे नाही. माझ्यामुळे."

अनेस्तिस त्याच्याकडे बघत राहिला. "आणि रोज सूप आणत होतास," तो म्हणाला. "गाडीत घाल मला. यानिनाला चल."

दोघं निघाले. मागे आर्गिरोबाई पट्ट्या उतरवता उतरवता लोकांना सांगत होत्या, "कुठलीही संत कुणाला आंधळं करत नाही. समोरून गाडी आली की डिप्पर करा, ओझं भरलं की दिवे खाली करा. आणि डोळे दिपले तर कारण शोधा, पाप शोधू नका."

घाट संपेपर्यंत समोरून गाडी आली, की अनेस्तिस रस्त्याकडे बघायचाच नाही. डिप्पर करायच्या दांडीवरच्या झिसिसच्या हाताकडे बघायचा.