खिडकीच्या कडीचं सील

"बाई, आधी सील बघा, मग झाड बघा," निरीक्षक म्हणाले.

रोपवाटिकेच्या बाईंनी कुंडी उचलायला पुढे केलेला हात तसाच थांबला. ऑर्किडच्या कुंडीभोवती पक्का दोरा आवळला होता. त्याची टोकं बंद खिडकीच्या कडीतून ओवून गाठ मारली होती आणि गाठीवर शिशाचा बारका गोळा चेपला होता.

"हे कशाला?"

"कुणी कुंडी हलवली तर कळावं म्हणून."

"हलवली का कुणी?"

"अजून सापडलं नाही," असं म्हणून निरीक्षकांनी दाराकडे नजर टाकली. दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, त्यांची सून हाताची घडी घालून उभी होती.

एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून काढली. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक ते दुकानाच्या पायरीवरून ओळखत. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी ती नजर काही निवृत्त झाली नाही. सील चेपायचा चिमटा मात्र परत करायचा राहून गेला होता, आणि ही त्यांच्या उभ्या नोकरीतली एकमेव अफरातफर.

ऑर्किड बायकोचं. दरवर्षी थंडी सरता सरता त्याला लांब दांडा यायचा आणि त्यावर नऊ-दहा पांढरी फुलं दोन दोन महिने टिकायची. बायको जाऊन तीन वर्षं झाली, आणि तीनही वर्षं एक कळी नाही. तेव्हापासून झाडाला पाणी सून घालत होती. निरीक्षकांच्या दृष्टीनं तपास तिथंच संपत होता. सून औषधांच्या दुकानात कामाला, तिच्या हाताला काय काय लागलेलं असेल कुणी सांगावं! त्यांनी झारीवर पेन्सिलीनं खुणा केल्या, मग पडदा कुठवर सरकतो ते मोजलं, शेवटी सील ठोकलं. गेल्या आठवड्यात लेकीला फोनवर म्हणालेही, "तुझ्या आईची एवढी एक खूण उरलीय, ती पण ही मारून टाकणार."

सून तेव्हा चहा घेऊन मागे उभी होती. तिनं कप शांतपणे ठेवला.

"बाबा, जाणकार माणसाला बोलवा. झाड माझ्या हातानं मरतंय असं निघालं तर आम्ही दोघं दुसरीकडे घर बघतो. तोवर मी ह्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

म्हणून बाई आल्या होत्या. त्यांनी पानं चाचपली, कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालींचा वास घेतला, मुळं बोटानं दाबून पाहिली.

"पाणी कोण घालतं?"

"मी," सून दारातूनच म्हणाली. "आठवड्यातून एकदा, सकाळी. पानांच्या मधल्या खळग्यात थेंब राहिला तर कापसानं टिपून घेते."

कापसाचं निरीक्षकांना ठाऊक नव्हतं.

"छान. झाड अगदी ठणठणीत आहे."

निरीक्षकांचा चेहरा पडला. "ठणठणीत आहे तर फुलत का नाही? काटा बरोबर आणि माल कमी, असं कसं होईल?"

"जागा बदललीत?"

"इंचभर नाही."

"ऊन?"

"पूर्वीचंच. सकाळचं, पडद्यातून."

"मग रात्रीचं सांगा. थंडी सुरू होताना ह्याला चार-सहा आठवडे रात्रीची गार हवा लागते. ती मिळाली नाही तर हे नुसती पानं काढत बसतं. हे सील लावायच्या आधी ही खिडकी रात्री उघडी असायची ना?"

निरीक्षकांनी खिडकीच्या कडीकडे पाहिलं.

चाळीस वर्षं त्या खिडकीवरून भांडण चाललं होतं. ऐन थंडीतही बायकोला ती उघडी लागायची. ते ओळीनं शिंका द्यायचे, आणि पलीकडच्या कुशीवरून ती ठरलेलं उत्तर द्यायची, "एक पांघरूण जास्त घ्या." ती गेली त्याच आठवड्यात त्यांनी खिडकी लावून घेतली. अडवायला कुणी नव्हतं. त्या रात्री त्यांना एकही शिंक आली नाही आणि झोपही आली नाही.

"आई उघडी ठेवायच्या," सून हळूच म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती, आणि म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं.

"बंदच होती," निरीक्षक म्हणाले. "मीच लावली. तीन वर्षं झाली."

बाई निघून गेल्यावर त्यांनी कपाटातून कात्री काढली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"जरा आत ये."

"मी काय म्हटलंय ते लक्षात आहे ना, बाबा?"

"साक्षीदाराशिवाय सील तोडत नाहीत. मी तरी कधी तोडलेलं नाही."

सून उंबरा ओलांडून आत आली.

"नीट बघ. सील माझं आहे. चूकही माझीच निघाली," ते म्हणाले. "लेकीला मी स्वतः सांगतो. आणि घरबिर काही बघायचं नाही."

त्यांनी दोरा कापला. शिशाचा गोळा टपकन खाली पडला. कडी गंजून बसली होती. दोघांनी मिळून रेटा दिला तेव्हा कुठे ती सुटली आणि गार हवेनं पडदा हलला.

दीड महिन्यानं एका सकाळी पानाच्या बेचक्यात हिरवं टोक दिसलं. निरीक्षकांनी भिंग लावून ते तिन्ही बाजूंनी तपासलं.

"मूळ असेल. मुळंही अशीच निघतात."

"मूळ खाली वळतं, बाबा. हे वर चाललंय."

"बघू. इतक्यात सही करायची नाही," असं ते म्हणाले खरे, पण भिंग काही डोळ्यावरून खाली येईना. मग त्यांना शिंक आली. पाठोपाठ आणखी तीन.

"रात्री खिडकी लावून घेऊ का?" सुनेनं विचारलं.

निरीक्षकांनी पलंगाच्या पलीकडच्या, चादर न चुरगळलेल्या बाजूकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "एक पांघरूण जास्त घेईन."