पास झालेला मजकूर

“‘प्रेमळ’ काढून टाक,” नामाजी म्हणाला. “भागाबाईला इचारलं मी. ती हसूनच राहिली.”

सपनाने ‘प्रेमळ’ काढला. श्रद्धांजलीचा मजकूर आता निम्माच उरला होता, आणि ज्याची ती श्रद्धांजली होती तो माणूस समोरच्या स्टुलावर बसून खारे दाणे खात होता.

डोंगरकडा या गावी, बाजाराच्या रस्त्यावर दिपकभाऊंचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, उद्घाटन आणि मरण हे सगळं एकाच मशीनवर छापलं जाई, त्यामुळे त्या मशीनला सुखदुःख समान होतं. मजकूर बसवायचं काम सपनाचं. दिपकभाऊंनी कॉम्प्युटरमध्ये एक श्रद्धांजली कायमची करून ठेवली होती : मनमिळाऊ, प्रेमळ, धार्मिक वृत्तीचे, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे. फक्त नाव आणि फोटो बदलायचा. ज्याने सख्ख्या मेव्हण्याचे दात पाडले होते, तोही मेल्यावर मनमिळाऊ झाला. मेव्हण्याने तो बॅनर बराच वेळ वाचला होता म्हणतात.

सपनाला याचं कधी काही वाटलं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी, प्रेमानंदांनी, तिच्या लग्नासाठी बायोडाटा लिहून आणला. त्यात ती मनमिळाऊ, प्रेमळ आणि सर्वांना सांभाळून घेणारी होती. सपनाने तो वाचला. फक्त हार घालायचा बाकी होता.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी हा नामाजी आला. जवळच्याच खेड्यातला, शेळ्यामेंढ्यांचा माणूस. आपला बॅनर त्याला आत्ताच लिहून ठेवायचा होता. मरायची काही घाई नव्हती, पण पोरांवर भरवसा नव्हता. जिवंत माणसाची श्रद्धांजली करायची नाही असा काही दुकानाचा नियम नव्हता, कारण तशी वेळच कोणी आणली नव्हती.

माप विचारल्यावर त्याने खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी होत्या, एक लांबीची, एक रुंदीची. त्याच्या शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर म्हणून जुने फ्लेक्स ताणलेले होते. तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे वाढदिवस शेवटी तिथंच येऊन साजरे होत. एक कोपरा तेवढा उघडा होता. भागाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो कोपरा सुतळीने मोजून दिला होता.

“तेरवीपस्तोर मान्सं वाचतील,” नामाजी म्हणाला. “मंग बारा म्हैने शेळ्या हायेतच की.”

इतक्या दिवसांचा वाचक असलेलं काम सपनाकडे आजवर आलं नव्हतं. तिच्या तोंडून अट आपोआप निघून गेली. जे कोणाबद्दलही लिहिता येतं ते लिहायचं नाही, आणि जे खोटं आहे तेही नाही. मग उरेल काय, असं नामाजीने विचारलं. तेच बघू, असं ती म्हणाली.

मग दर बाजाराला तो यायचा, शेळ्यांचा सौदा उरकायचा आणि मजकूर छाटायला बसायचा. ‘धार्मिक’ सगळ्यात आधी गेलं. औंढ्याच्या नागनाथाला तो जन्मात एकदाच गेला होता, तेही हरवलेली पाठ, म्हणजे तरणी शेळी, शोधत. ‘धावून जाणारे’वर तो जरा थांबला. एकदा धावला होता खरा, पण तेव्हा मागे बैल होता.

गाडं अडलं ते ‘कोणाशी वैर नाही’ या ओळीवर. धाकटा भाऊ देवला याच्याशी त्याचं एका बोकडावरून भांडण होतं. बोकड केव्हाच कोणाच्या तरी पोटात गेला होता, भांडण मात्र धडधाकट होतं. सपना ती ओळ काढायला गेली तर नामाजीने हात आडवा धरला. “ऱ्हाऊ दे. मी जरा जाऊन येतो.”

आणि खरंच गेला. देवलाला त्याने सरळ सांगितलं की बॅनरसाठी हे वाक्य लागतंय, तेवढं मिटवून घे. देवला म्हणाला, तुझ्या बॅनरपायी मी माझं भांडण काहून सोडू? त्यावरून दोघे नव्याने भांडले, उमेदीच्या वयात भांडत त्याहून जोरात.

पुढच्या बाजारी नामाजी आला तो चेहऱ्यावर तेज घेऊन. “काढ ते,” म्हणाला. “लिव, भावाशी भांडला. बराबर भांडला.”

सपनाने लिहिलं. माणूस जसा असेल तसं वाक्य करायचं एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. वाक्य काखोटीला मारून भावाच्या दारात जायचं आणि ते टिकतं का बघायचं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. घरी जाऊन तिने आपला बायोडाटा काढला आणि ‘सर्वांना सांभाळून घेणारी’ हे आठवडाभर करून पाहिलं. मग ती ओळ खोडली. प्रेमानंद म्हणाले, असं केल्यावर कोण येईल? ती म्हणाली, जो येईल तो वाचून येईल.

शेवटची ओळ नामाजीने उभं राहून सांगितली. “कोणाच्या पाया पडला नाही. हे जरा मोठ्या अक्षरात.”

गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. माजी सभापतींनी गायरानाला तारेचं कुंपण घातलं आणि ज्याला वाट हवी त्याने वाड्यावर येऊन पाया पडावं असा निरोप पाठवला. बाकीचे पडून आले. नामाजी तेव्हापासून टेकडीला वळसा घालून शेळ्या नेत होता. शेळ्यांच्या तब्येती त्यामुळे सुधारल्या, असं तो मुद्दाम सभापतींच्या माणसांसमोर सांगे.

सपनाने सगळा मजकूर एकदा वाचून दाखवला. नामाजीने डोळे मिटून ऐकला आणि दुकानाच्या भिंतीवर काय लिहिलंय ते विचारलं. तिथं दिपकभाऊंची पाटी होती : एकदा पास केलेला मजकूर बदलून मिळणार नाही.

“मंग पास,” नामाजी म्हणाला. सुतळी त्याने खिळ्याला अडकवून ठेवली.

थंडी सरता सरता तो गेला. शिवहार, त्याचा थोरला, मोबाईल घेऊन दुकानात आला. मागे पायरीवर भागाबाई बसली. सभापतींच्या कार्यालयातून मजकूर आणि फोटो आला होता. वर हात जोडलेले सभापती, तांदळाच्या पोत्याएवढे. खाली मयत, पासपोर्टएवढा. मनमिळाऊ, प्रेमळ वगैरे होतंच.

सपनाने नाही म्हटलं. बाबांचा मजकूर ठरलाय, आणि वर सभापती बसवले की शेवटची ओळ खोटी होते.

“मंग ती वळ काढा ना ताई,” शिवहार म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “मला बी शेळ्या हायेत. त्यो वळसा आता मला घालायचाय.”

सपनाला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. तरी तिने पाटीकडे बोट केलं.

“ती पाटी गिऱ्हाइकासाठी आहे,” दिपकभाऊ म्हणाले.

“नामाजीबाबा गिऱ्हाईकच होते.”

“ते वारले.”

“पाटीवर तसं काही लिहिलेलं नाही.”

दिपकभाऊंनी आपलीच पाटी पहिल्यांदा नीट वाचली. मग ते म्हणाले, सभापतींचे वर्षाचे सगळे फ्लेक्स आपल्याकडे असतात, तुला हे जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको. सपना म्हणाली, बरं, पण आज तर मी आहे.

भागाबाई पायरीवरून उठून आत आली. “काय लिवलंय ते वाच,” तिने सांगितलं.

सपनाने वाचलं. “नामाजी. शेळ्या राखल्या. भावाशी भांडला. बराबर भांडला. कोणाच्या पाया पडला नाही.”

भागाबाईने विचारलं, “ह्याच्यात मी कुठं हाय?”

इतके बाजार सपना खोटं तेवढं वेचून काढत होती. खरं काय राहून गेलं ते कोणी पाहिलंच नव्हतं. आणि आता मजकूर पास झाला होता.

भागाबाईने खिळ्यावरची सुतळी काढली आणि दोन गाठी दोन मुठींत धरून ताणली.

“माप हेच धरलं ना?”

“हेच धरलंय, आजी.”

“मंग हाय की मी त्याच्यात. छाप.”

शिवहारने मोबाईल खिशात ठेवला. दिपकभाऊ चहाला निघून गेले. मशीन सुरू झालं.

दहाव्याला सभापती आले, बॅनरवर स्वतःला शोधत राहिले, खालच्या ओळीपर्यंत पोचले आणि जीपकडे वळले. देवलाही आला. त्याने मजकूर कोणाकडून तरी वाचून घेतला आणि सपनाला गाठलं. “भांडण मी लावलं व्हतं. त्याचं नाव काहून?” पास झालाय, एवढंच सपना म्हणाली. त्याला ते पटलं नाही.

दिपकभाऊंचं ‘उद्यापासून’ अजून उगवलं नव्हतं. गायरानाचं कुंपण मात्र होतं तसंच होतं. तेरवीनंतर सपना नामाजीच्या गोठ्यावर गेली तेव्हा शिवहार शेळ्या घेऊन टेकडीच्या वळशाला लागलेला लांबून दिसला.

उघडा कोपरा झाकला गेला होता. पावसाने अक्षर जाऊ नये म्हणून लिहिलेली बाजू भागाबाईने आत केली होती. सुतळीभरही कमीजास्त झालं नव्हतं. वरून ऊन पडलं होतं आणि छतात ओळी उजळून दिसत होत्या. खाली, खुंट्याला, एक अनोळखी बोकड बांधला होता.

“देवलानं आणून बांधला काल,” भागाबाई म्हणाली. “बोलला न्हाई. मी बी बोलले न्हाई.” तिने वर पाहिलं. “बोकडाच्या डोक्यावर कोणती वळ आली बघ बरं.”

सपनाने पाहिलं. “भावाशी भांडला.”

“मंग तिथंच ऱ्हाऊ दे त्याला.”

बोकड मागच्या पायांवर उभा राहिला, त्याने त्या ओळीला तोंड लावून पाहिलं, आणि खाली उतरून चारा खाऊ लागला.