देव आज कुठं हाय?

आमच्या अणदूरच्या खंडोबाला घरं दोन, मूर्ती एकच. वर्षातले बरेच महिने तो इथं असतो, आणि थंडीत काही आठवडे तिकडं नळदुर्गला. पालखी तिथीनं जाते, तिथीनं येते. गावाला हे पाठ, लांबून येणाऱ्याला काय ठाऊक? देवळाच्या वाटेवर माझं शिलाई मशीन. ब्लाउज शिवायला घेतला की जीप थांबायची, "ताई, देव कुठंय?" सांगून सांगून वैतागले, आणि म्हटलं, ॲपच करते.

शिकायला बसले तर यूट्यूबवरचे मास्तर. "हे अगदी सोपं आहे" म्हणायचं आणि कधी न सांगितलेलं पडदाभर ओतायचं. अरे, सोपं असतं तर तुझं थोबाड बघत कशाला बसले असते? धाराशिवच्या एका क्लासवाल्यानं तर "आधी इंग्रजी सुधारा" म्हणून वाटेला लावलं. मी उलट जास्तच पेटले. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लाल चुका निस्तरत राहिले. एक गेली की तिची पिल्लं हजर. शेवटी एकदा फोनवर भंडाऱ्यासारखा पिवळा पडदा उघडला: "देव आज अणदूरला." मी अशी किंचाळले की गिऱ्हाईक कापड टाकून पळालं.

भाऊ शिवराज म्हणाला, "ताई, घरच्यांला ठाऊकच हाय देव कुठं हाय ते. परक्यानं उघडलं तर त्याला ॲप म्हणायचं. न्हायतर खेळणं."

झोंबलं, कारण खरं होतं. व्हॉट्सॲपवर नात्यागोत्यात फाईल पाठवली, ॲपमध्ये स्वतःचा नंबर टाकला: चूक दिसली तर फोन करा. सगळे मेले नुसता अंगठा पाठवायचे. मला एक परका माणूस पाहिजे होता. एकच.

पौषात फोन आला.

"देवाचं ॲप केलेली कोण गं ती?"

"म्या. दैवशाला. तुमी?"

"लक्ष्मम्मा, कर्नाटकातल्या आळंदची. नव्या सुनंला घेऊन अणदूरला आले. तुझं ॲप म्हणतंय देव इथं, लोक म्हणतात नळदुर्गला! जोडपं उपाशी हाय माझं!"

"अव्वा, ॲप कुणी दिलं तुम्हाला?"

"जावेच्या व्याह्यानं. आमच्या गल्लीत समद्यांकडं हाय."

"समद्यांकडं?"

"हसतीस व्हय गं?"

हसतच होते. लॅपटॉप काखेत मारून देवळाकडं पळाले.

पायऱ्यांवर लक्ष्मम्मा कमरेवर हात देऊन उभ्या. लेक रुद्रेश धापा टाकत बसलेला. नवरीला उचलून पायऱ्या चढायची रीत, ती बिचाऱ्यानं इथंच उरकलेली.

"आता तिकडं परत उचलायचं?" तो म्हणाला.

"मला चालतंय," नवी नवरी शिवांजली म्हणाली.

लक्ष्मम्मांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. "तारखा कुठनं घेतल्यास?"

"गेल्या वर्षीच्या..."

"अगं येडे, मधी अधिक महिना पडला की! देव काय तारीख बघून पालखीत बसतो?"

देवळाशेजारी जन्म गेला माझा, आणि देवाला मी इंग्रजी कॅलेंडर लावलं! शरम वाटली, पण खरं सांगते, त्याहून आनंद मोठा होता. परकं माणूस माझ्या ॲपवर भरवसा ठेवून एवढ्या लांब आलं होतं. आता तो भरवसा मोडून चालणार नव्हतं.

त्यांच्याच जीपमधनं नळदुर्गला निघाले. वाटेत ट्रकांच्या हॉर्नात डोकं चाललं: ॲपनं मोजायचंच नाही. ज्याला देव दिसला, त्यानं सांगायचं. रुद्रेशनं पुन्हा बायको उचलली, लोक ओरडले, "येळकोट येळकोट!" मी देवळाच्या कट्ट्यावर रुद्रेशच्याच फोनचं इंटरनेट जोडून बसले. जेवायची वेळ टळली, लक्ष्मम्मांनी दोनदा "झालं का?" विचारलं, तिसऱ्यांदा झालं. जुन्या मोजणीची ओळनओळ उडवली आणि एक बटण ठेवलं: "देव इथं दिसला."

नवी फाईल त्यांच्या फोनवर चढवली. भंडाऱ्यानं माखलेला अंगठा त्यांनी बटणावर दाबला. शिवराजलाही फाईल धाडली होती, तो अणदूरहून फोनवर ओरडला, "ताई, माझ्या पडद्यावर नळदुर्ग आलं! कुणी दाबलं?"

"परक्या माणसानं," मी म्हटलं.

"परकी कुणाला म्हणतीस?" लक्ष्मम्मांनी मला दटावलं, पुरणपोळीचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि गल्लीच्या ग्रुपवर आवाज भरायला घेतला: "जुनं काढून टाका, ते खोटं बोलतंय. नवं पाठवते. करणारी पोरगी हितंच बसलीय. कुणाला भांडायचं असंल तर नंबर त्यात हाय."