स्वस्तातला वस्तरा

सुनेने दगडावर पाणी शिंपडलं आणि वस्तऱ्याचं पातं पुन्हा आडवं टेकवलं. पलंगावर सासऱ्यांनी डोळे मिटून तिकडे कान लावला.

"पाठ उचलू नकोस, सूनबाई. पाठ आणि धार, दोन्ही दगडाला टेकल्या पाहिजेत."

चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेला त्यांचा उजवा हात आता उशीवर लाकडासारखा पडून होता. वृद्धाश्रमात जागा मिळाली तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, एकच अट घातली. जाईन, पण दाढी करून, आणि तीही वस्तऱ्याने. चांगले वस्तरे दुकानाबरोबरच विकले गेले होते. मुलाने बाजारातला सगळ्यात स्वस्त आणून टाकला आणि तो आपल्या कामाच्या गावी निघून गेला. त्या वस्तऱ्याने लोणीसुद्धा कापलं नसतं. धार लावायचं काम सुनेवर आलं.

सासरे जायला हवेत असं तिलाही वाटत होतं. खोटं कशाला बोला? दिवसातून तीनदा चादरी धुऊन तिची कंबर मोडली होती. म्हणून तिने जीव ओतून वस्तरा घासला. गेले तीन दिवस दुपारी ती तो त्यांच्याजवळ ठेवून साबण फेसायला जायची, आणि परत येईपर्यंत त्यांचा निकाल तयार असायचा. अजून नाही.

आज मात्र तिने तो आधी स्वतःच्या हातावर फिरवून पाहिला. केस सपासप उतरले. तिने वस्तरा त्यांच्या उशाशी, पाण्याच्या पेल्याजवळ ठेवला आणि आत गेली.

फेसाची वाटी घेऊन आली ती दारातच थबकली. सासरे डाव्या हाताने वस्तऱ्याची धार पेल्याच्या काठावरून ओढत होते. एकदा, दोनदा, सावकाश. तोंड भिंतीकडे फिरवलेलं. मुलगा दहा वर्षांचा असताना त्याने वस्तरा पेल्याला नुसता टेकवून ठेवला, तर धार मरते म्हणून याच माणसाने त्याच्या थोबाडीत दिली होती. नवरा अजून ते सांगायचा.

ती दोन पावलं मागे सरली, मुद्दाम खोकली आणि मग आत आली.

सासऱ्यांनी वस्तरा पुढे केला. नजर वर केली नाही.

"अजून नाही लागली."

तिने हातावर फिरवून पाहिला. एकही केस तुटला नाही. तिने मान डोलावली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. रविवारची गाडी सांगू का, विचारत होता. ती ओट्याशी उभी राहून वाटीतला वाळलेला फेस खरवडत होती.

"नको," ती म्हणाली. "वस्तरा स्वस्तातला आणलात तुम्ही. धार धरत नाही."